धाकट्याला हात लावू नकोस

६ फेब्रुवारी

धाकट्या,

हे कामाचं पत्र आहे. आशीर्वाद, क्षेमकुशल वगैरे काही लिहीत नाही. तुला ते नकोच असणार आणि मलाही उगाच गोड लिहायला जमत नाही. फोन तू उचलत नाहीस, मेसेज तुझ्यापर्यंत पोचत नाहीत, म्हणून तुझ्या सर्व्हिस सेंटरचा पत्ता शोधला आणि पाकिटावर मोठ्या अक्षरांत 'दुरुस्ती विभाग' असं लिहिलं. दुरुस्तीला आलेली वस्तू न उघडता परत पाठवायची नसते, हे तुझ्याच तोंडून ऐकलेलं आहे.

तू जोडून दिलेलं मशीन शेवटच्या घटका मोजतंय. टाइमलाइनवर जरा पुढेमागे केलं की चित्र अडखळतं, आवाज पुढे निघून जातो आणि माणसाचं तोंड मागून हलत राहतं. पंखा असा ओरडतो की शेजारीण भिंतीवर थापा मारते. एक्स्पोर्ट लावलं की सत्त्याऐंशी टक्क्यांपर्यंत शहाण्यासारखं जातं आणि तिथे बसकण मारतं. काल चार वेळा बसलं. चौथ्यांदा मी त्याला जे बोलले ते बाबांनी ऐकलं आणि चिठ्ठी लिहून हातात दिली : 'त्याच्या आईला मध्ये आणू नकोस.' ऑपरेशनपासूनचं बाबांचं बोलणं अजून कागदावरच चालतं. तू गेलास तेव्हा पाटी होती, आता जुन्या बिलांच्या पाठी वापरतात. घरभर कागद झालेत. कपाटात, उशीखाली, साखरेच्या डब्यावर.

नवं मशीन घ्यायचंय. काम मोठं आहे. जुनं बसस्थानक पाडणार आहेत आणि नव्या इमारतीच्या उद्घाटनाला जुन्यावरची चाळीस मिनिटांची फिल्म दाखवायची आहे. पंचवीस मार्चला. हो, तेच स्थानक. बाबांनी एकतीस वर्षं ज्याच्या खिडकीत बसून गाड्या पुकारल्या तेच. आगारप्रमुखांनी एक खोकंभर जुन्या टेपा दिल्यात, शिवाय हल्लीच्या कॅमेऱ्याचं फुटेज, मोबाइलचं फुटेज, ड्रोनचं फुटेज. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. एवढं सगळं या म्हाताऱ्या मशीनच्या घशाखाली उतरत नाही.

दुकानात जाऊन आले. त्या दुकानदाराचं नाव मी झगमग ठेवलंय. काचेच्या कॅबिनेटमध्ये लाल-निळे-जांभळे दिवे, आत पाणी फिरतंय, जणू माशांची पेटी. मी विचारलं, "यावर चार तास सलग एक्स्पोर्ट होईल का?" तर म्हणतो, "मॅडम, यावर सगळे गेम पळतात." मी म्हटलं, "मला पळवायचं नाही, मला चालवायचं आहे. न थांबता." त्याला ते कळलं नाही. तुला कळेल.

तेवढी यादी पाठव. काय घ्यायचं, काय नाही घ्यायचं. जोडेन मी, स्क्रू फिरवता येतो मला.

मागचं काही उकरून काढायचं नाहीये. तू नीट सांगायला हवं होतंस, मी विचारायला हवं होतं, दोघांचंही थोडंथोडं चुकलं, विषय संपला.

— ताई

१५ फेब्रुवारी

धाकट्या,

यादी पोचली. पार्सलच्या पावतीच्या मागे लिहिलेल्या अकरा ओळी. वर 'ताई' नाही, खाली तुझं नाव नाही. अक्षर मात्र तेच, मुंग्या ओळीने निघाल्यासारखं. पाचवीत असताना या अक्षरापायी मी तुला किती बदडलंय! आणि आता ते बघून एवढं बरं वाटलं की यादी वाचायच्या आधी नुसतीच दोनदा बघितली.

पण तुला वाटतं तशी मी मुकाट्याने मान डोलावणार नाही.

'प्रोसेसर असा घे की ज्याच्या पोटातच व्हिडिओ उलगडणारा भाग असतो. फक्त ताकद बघू नकोस.' हे पटलं. मोबाइल आणि ड्रोनच्या फाइली घट्ट गुंडाळलेल्या असतात, त्या उलगडायलाच निम्मा जीव जातो, हे तू मला पूर्वीही सांगितलं होतंस आणि मी तेव्हा 'हो हो' म्हणून कपडे वाळत घालत होते.

'रॅम चौसष्ट. दोन पट्ट्या बत्तीसच्या. चार पट्ट्या घालू नकोस.' का रे? चार खाचा दिल्यात त्या काय शोभेला? झगमगला विचारलं तर तो म्हणाला, चारही भरल्या की दिवे सुंदर दिसतात. तेव्हा मला तुझं बरोबर असणार याची खात्री पटली.

'ग्राफिक्स कार्डाची मेमरी बारापेक्षा कमी नको.' ठीक. 'कॅबिनेट जाळीचं, काचेचं नाही.' ठीक. 'कूलर हवेचा, मोठा. पाणी नको.' ठीकच, आपल्याकडे नळाचं पाणी वेळेवर येत नाही तर मशीनला कुठून आणू! 'पॉवर सप्लायमध्ये काटकसर करायची नाही. बाकी कशातही कर.' या ओळीखाली तू दोन रेघा मारल्यास. इतक्या जोरात की कागद फाटलाय.

आणि शेवटची ओळ. 'डिस्क तीन वेगळ्या. सिस्टिमची एक, फुटेजची एक, टेम्पररी फाइलींची एक. नावं तू दे.'

नावं तू दे. वा. टोमणा मारायचा तर असा मारावा, अकरा ओळींत मावेल एवढा.

नावं मीच दिली होती, कबूल. सिस्टिमच्या डिस्कचं नाव 'आई', कारण ती बंद पडली की सगळं घर बंद. फुटेजच्या डिस्कचं नाव 'बाबा', सगळं साठवून ठेवणारे. आणि टेम्पररी फाइलींची ती छोटी, चपळ, नवी डिस्क, तिचं नाव 'धाकटा'. तिच्यावर महत्त्वाचं काही ठेवायचंच नाही. काम करताना मशीन जो पसारा करतं तो तिच्यावर पडतो आणि दर सोमवारी आपण तो झाडून टाकतो. तेव्हा मी हसून म्हणाले होते, "धाकट्याला कधीही पुसलं तरी कुणाचं काही बिघडत नाही." तूही हसला होतास. निदान मला तरी तसं आठवतंय.

बाबांनी विचारलं, म्हणजे चिठ्ठी दिली : 'पत्र कुणाचं?' मी म्हटलं, दुकानाचं. त्यांनी पावती हातात घेतली, मागची बाजू बघितली आणि परत दिली. तुझं अक्षर त्यांनी ओळखलं नसेल असं मला वाटत नाही. त्यांच्या आवाजाचं फुटेज तू हरवलंस असंच ते धरून चाललेत ना, म्हणून तुझ्याबद्दल कधी काही विचारत नाहीत.

उद्या सामान आणायला जाते.

— ताई

२४ फेब्रुवारी

धाकट्या,

सामान सगळं आलंय, पॉवर सप्लाय सोडून. तू सांगितलेला मिळत नाही, दुसरा झगमग गळ्यात मारतोय. मी त्याला तुझ्या दोन रेघा आणि फाटलेला कागद दाखवला. तो म्हणाला, "कोण आहेत हे?" मी म्हटलं, "माझा भाऊ." तीन वर्षांत हे वाक्य पहिल्यांदा उच्चारलं. तोंडाला जरा जडच गेलं.

तोवर जुन्याच मशीनवर टेपा उतरवून घेतेय. आता खरं सांगते, हे काम मी का घेतलं. तुला वाटलं असेल, ताईला नवी इमारत आणि भाषणं आणि हारतुरे यांच्यात नाव मिळवायचंय. तसं नाही. मला वाटलं, एकतीस वर्षांत कुणीतरी कधीतरी त्या स्थानकावर कॅमेरा चालवला असेलच आणि मागे कुठेतरी भोंगा चालू असेल. बाबांचा आवाज. कुठलाही, कितीही.

बावीस टेपा पाहिल्या. भाषणं, सत्कार, नव्या गाडीचं चाक, जुन्या गाडीचं चाक. भोंगा वाजायला लागला की नेमकी कुणीतरी गाडी रेस करतं. दोन टेपांना बुरशी. आणि परवा, तेविसाव्या टेपवर, कुणीतरी तिकीट खिडकीची रांग दाखवतंय आणि मागून ते आले. अकरा सेकंद.

"फलाट चारवर लागलेली गाडी... माफ करा. फलाट तीन. चूक माझी. फलाट तीनवर यावं."

बस. एवढंच. पण आवाज स्वच्छ, इंजिन नाही, काही नाही. मी खुर्चीवरून उठून दारापर्यंत गेले आणि परत आले आणि परत ऐकलं. तुला आठवतं ना, चुकीचा फलाट पुकारला की ते असंच करायचे. सगळं स्थानक ऐकतंय, साहेब ऐकतोय, आणि हा माणूस भोंग्यावरून सांगतोय, चूक माझी. आपण शाळेत होतो तेव्हा पोरं मला चिडवायची, 'चूक माझीची मुलगी' म्हणून. मी बाबांना म्हटलं होतं, "तुम्ही कशाला सांगता सगळ्यांना? गुपचूप बरोबर पुकारा की." ते म्हणाले होते, "अगं, एखादा चारवर जाऊन उभा राहिला असेल ना."

तो तुकडा बाजूला काढून घ्यायला गेले आणि मशीन हँग. परत सुरू केलं, परत तिथेच हँग. सात वेळा. सातव्यांदा ते 'चूक' एवढ्याच अक्षरांवर अडकलं. चूक, चूक, चूक, पाच मिनिटं तेच. प्लग उपटला.

तो तुकडा सुटा निघाला नाही, म्हणून त्या टेपची अख्खी फाइलच आता मी तीन ठिकाणी ठेवलीय. बाबांना अजून ऐकवलेला नाही. का ते विचारू नकोस.

ती चिठ्ठी, तू म्हणत होतास ती मॉनिटरवर लावलेली, ती कदाचित पंख्याच्या वाऱ्याने पडली असेल, असं मला हल्ली वाटतं. अशा चिठ्ठ्यांचा गोंद कसा असतो तुला माहीतच आहे.

— ताई

२६ फेब्रुवारी

धाकट्या,

परवाच्या पत्रातला गोंद खोटा आहे.

परवा ते पत्र पेटीत टाकलं आणि पेटीच्या तोंडात हात घालून परत काढायला बघितलं. मनगट अडकलं. दोन बायका बघत होत्या. घरी आल्यापासून एका जागी बसवत नाहीये. भांडी घासली, घासलेली परत घासली. बाबांनी चिठ्ठी दिली : 'काय टोचतंय?' मी म्हटलं, काही नाही. त्यांनी तीच चिठ्ठी परत पुढे केली. कागद वाचवतात हल्ली.

चिठ्ठी पडली नव्हती. मॉनिटरच्या मधोमध होती. पिवळी. मी वाचली.

सगळं ओळीने लिहिते, म्हणजे मला मधून पळता येणार नाही. आपण तीन सकाळी बाबांना खिडकीशी बसवून बोलतं केलं होतं, ऑपरेशनच्या आधी, कारण नंतर स्वरयंत्र राहणार नव्हतं. तीन तासांचं बोलणं 'बाबा' डिस्कवर होतं. शनिवारी एक गिऱ्हाईक बसलं होतं आणि तू त्याच्यासमोर मला म्हणालास, "ताई, आवाज दोन फ्रेम मागे पडतोय." पडत होता. मी तुझ्या पाठीत धपाटा घातला. तीस वर्षांच्या माणसाच्या. गिऱ्हाईक हसलं. तू हसला नाहीस. आई गेल्यापासून मी तुला असेच धपाटे घालत आले, कधी अंघोळ केली नाही म्हणून, कधी अभ्यास केला नाही म्हणून, त्यातलाच आणखी एक, असं मला वाटलं.

रविवारी 'बाबा' डिस्क कटकट आवाज करायला लागली. मी बाबांना दवाखान्यात दाखल करायच्या गडबडीत होते. तू एकट्याने तीन तासांचं ते सगळं वाचवलंस आणि घरातल्या सगळ्यात नव्या, सगळ्यात धडधाकट डिस्कवर ठेवलंस. धाकट्यावर. आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने नवी डिस्क आणायला गेलास. जाताना चिठ्ठी लावलीस : 'धाकट्याला हात लावू नकोस.'

मी नऊला आले. अकराला ऑपरेशन होतं, त्याआधी गिऱ्हाइकाचं काम द्यायचं होतं, डोकं ठिकाणावर नव्हतं. चिठ्ठी वाचली आणि मला वाटलं तू धपाट्याचं लिहिलंयस. देवाशपथ, मला तेच वाटलं. डिस्क मनातच आली नाही. धाकट्याला हात लावू नकोस म्हणजे माझ्या अंगाला हात लावू नकोस. मी म्हटलं, अस्सं! तोंडाने बोलायची हिंमत नाही आणि चिठ्ठ्या लावतोय! चुरगळून पर्समध्ये कोंबली. आणि सोमवार होता म्हणून, आणि रागाच्या भरात नेहमीपेक्षा जरा जास्तच जोराने बटण दाबून, धाकटा पुसला. मशीनने विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, हो.

त्या जातीची डिस्क पुसली की मागे काही म्हणजे काही उरत नाही, हे मला बुधवारी कळलं. 'बाबा' तर सोमवारी दुपारीच कायमची बंद पडली होती. तू ती प्रयोगशाळेत पाठवलीस, त्यांनी आतल्या तबकड्या खरवडल्यात असं सांगून परत पाठवली.

पण हे सगळं चूक म्हणून सोडून देता आलं असतं. पुढचं चूक नाही. दवाखान्यात, बाबांच्या खाटेशी, तू म्हणालास, "ताई, मी चिठ्ठी लावली होती." गळ्याला पट्टी बांधलेले बाबा माझ्याकडे बघत होते. आणि मी म्हटलं, "कसली चिठ्ठी? मला नाही दिसली. नको तिथे फाइली ठेवतोस आणि वर माझ्या नावाने ओरडतोस?" चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. ती चिठ्ठी त्या वेळी माझ्या खांद्याला लटकवलेल्या पर्समध्ये होती. बाबांनी मान तुझ्याकडे वळवली. तू त्यांच्याकडे बघितलंस आणि बाहेर गेलास. तो गेलासच.

फेकून द्यायची छाती झाली नाही. जुन्या मदरबोर्डच्या खोक्यात, माहितीपुस्तकाच्या आत ठेवली. ते पुस्तक जगात कुणी उघडत नाही. तीन वर्षं ती तिथे आहे.

यावर काही सारवासारव करत नाही. चूक माझी.

— ताई

६ मार्च

धाकट्या,

तुझं उत्तर नाही. येईल अशी अपेक्षा करायचा मला हक्क नाही, तरी रोज पोस्टमन दिसला की जिन्यात जाऊन उभी राहते. तो आता लांबूनच हात हलवतो, नाही म्हणून.

बाबांना सांगितलं. त्याच दिवशी, तुला पत्र टाकून आल्यावर. तोंडाने सांगायच्या आधी पुस्तकातून चिठ्ठी काढली आणि त्यांच्या हातात दिली. या घरात सगळं कागदावरच चालतं. त्यांनी सरळ केली, वाचली. मग मी बोलले. सगळं. धपाटा, पर्स, दवाखाना. ते ऐकत होते, अंगठ्याने चिठ्ठीच्या सुरकुत्या काढत होते. माझं संपल्यावर त्यांनी पेन उचललं, टोपण काढलं आणि परत लावलं. चिठ्ठी घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली.

तेव्हापासून एक कागद नाही. आठ दिवस. चहा हवा असेल तर उठून स्वतः करतात. मी विचारलं, "औषध घेतलंत?" तर रिकामी पट्टी दाखवतात. मला वाटायचं, ज्याला बोलताच येत नाही तो अबोला कसा धरणार! धरतो. चांगला धरतो. घरात इतकी शांतता आहे की फ्रिज बंद-चालू झालेला कळतो. मी बडबडते, मध्येच थांबते, परत बडबडते. ओरडले असते तर बरं झालं असतं, पण तेही मीच घालवलेलं, म्हणजे ऑपरेशन नाही, पण तो आवाज.

या शांततेत मशीन जोडलं. पॉवर सप्लाय तू सांगितलेलाच मिळाला, चौदा दिवस थांबले पण दुसरा घेतला नाही. कूलर एवढा मोठा की बसवताना हाताला दोन ठिकाणी कापलं. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा आवाजच नाही. मला वाटलं चालूच झालं नाही. शेजारीण विचारून गेली, बरी आहेस ना.

पण धाकट्या, माशी शिंकलीच. कालपासून आपोआप बंद होऊन परत सुरू होतंय. टाइमलाइन लोण्यासारखी चालते, आणि एक्स्पोर्ट लावलं की वीस मिनिटांत पडदा काळा. कधी दहा मिनिटांत, कधी चाळीस. उष्णता बघितली, ठीक आहे. केबली काढून घातल्या. यूपीएस बदलून बघितला. झगमगकडे नेलं तर तो म्हणाला, "दिवे नाहीत ना मॅडम, म्हणून." मी त्याला काय म्हणाले ते लिहीत नाही, उगाच कुणाच्या आईला मध्ये आणायचं नाही.

एकोणीस दिवस उरलेत. फिल्म राहिली तर राहील, मी आगारप्रमुखांची माफी मागेन. हल्ली सवय होतेय. पण ती अकरा सेकंदं या मशीनमधून नीट बाहेर काढल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तिन्ही डिस्कना अजून नावं दिलेली नाहीत. मशीन विचारतं, मी 'नंतर' दाबते.

— ताई

९ मार्च

धाकट्या,

सोबत बाबांची चिठ्ठी जोडली आहे. आज सकाळी मशीन तिसऱ्यांदा बंद पडलं तेव्हा ते मागे उभे होते. खिशातून ती पिवळी चिठ्ठी काढली, उलटी केली, भिंतीला लावून तिच्या पाठीवर लिहिलं आणि मला दिली. अकरा दिवसांत पहिला कागद. माझ्यासाठी नाहीच तो.

त्यांनी लिहिलंय : 'मशीन हिला जमत नाही. मी तीन वर्षं चुकीच्या फलाटावर उभा होतो. ये.'

मी यात माझं काही घालत नाही. रॅम मी अशी बसवलीय : एक पट्टी पहिल्या खाचेत, दुसरी तिसऱ्या. कदाचित उपयोगी पडेल म्हणून सांगते.

— ताई

१६ मार्च, सोमवार. मॉनिटरवर चिकटवलेले कागद, एकाखाली एक

धाकट्या,

तुझं कार्ड शुक्रवारी पोचलं. 'पट्ट्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत हव्यात. पहिली खाच आधी भरायची नसते. सोमवारी सकाळी येतो. तोवर हात लावू नकोस.'

पहिली खाच आधी भरायची नसते, हे मला बेचाळिसाव्या वर्षी कळतंय. मला वाटलं, पहिल्याने पहिल्या जागी बसायचं, त्यात विचारायचं काय! घरातही तेच करत आले.

हात लावलेला नाही. मशीन शुक्रवारपासून बंद आहे. धूळसुद्धा पुसली नाही. तीन दिवस मी या खोलीच्या दारात येते आणि परत जाते. बाबा कालपासून खिडकीशी बसून स्थानकाकडून येणाऱ्या प्रत्येक रिक्षाकडे बघतायत. त्यांच्या खिशात कोरे कागद आहेत, मीच कापून दिलेत, दोन्ही बाजूंनी कोरे. एवढे कशाला म्हणून विचारलं, तर त्यांनी लिहिलं : 'त्याच्याशी बोलायचंय.' माझ्याशीही आता लिहितात, पण थोडक्यात. मीठ, औषध, दार लाव. मला तेवढं पुष्कळ आहे.

मी घरी नाही. स्थानकावर शेवटची गाडी सुटतानाचं शूटिंग आहे असं बाबांना सांगून निघाले आहे. शूटिंग दुपारी बाराला आहे. सकाळीच गेले ते घाबरून. तू दारातून आत आलास की माझं तोंड आधी चालेल आणि मी काहीतरी बोलून बसेन, बारीक झालास, केस वाढलेत, बॅग इथे ठेवू नकोस. ते आज नको. तू आणि बाबा आधी भेटा. मी दोनला येते. तोवर गेला नसलास तर दार तूच उघड, मी बेल वाजवीन.

ती अकरा सेकंदं बाबांनी अजून ऐकलेली नाहीत. मला एकटीला ऐकवायची नव्हती. पट्ट्या नीट बसवल्यास की बटण तू दाब.

डिस्कना नावं दिली, मशीन बंद करायच्या आधी. सिस्टिमची 'आई', ती तशीच.

फुटेजची डिस्क, जिच्यावरचं काही कधी पुसायचं नसतं आणि जिच्यावर बाबांचा आवाज आहे, तिचं नाव 'धाकटा'.

टेम्पररी फाइलींचं नाव 'ताई'. तिच्यावर बराच पसारा साचलाय. आज सोमवारच आहे. मशीन विचारेल, नक्की ना? तुला वाटलं तर हो म्हण.